कुत्र्याची छत्री आणि तिचा मोठा गोतावळा

आपल्या भाषेने फुलापाखरांना किती गोड नावे दिली. पण पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला, कुजक्या ओंडक्यावर, पायवाटेच्या काठाला एका रात्रीत उभी राहणारी ती नाजूक छत्री मात्र कुत्र्याच्या नावावर टाकून दिली. कुठे कुत्र्याची छत्री, तर कुठे बेडकाची छत्री. कुत्रा तिच्याखाली बसत नाही आणि बेडकाला पावसात छत्री लागत नाही, हे लहान मूलही सांगेल. तरी नाव चिकटले ते चिकटलेच. हिणवून ठेवलेले नाव किती पिढ्या पाठ सोडत नाही, हे आमच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

या छत्रीचा विटाळ धरण्याची परंपरा जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याच्या पंगतीत हिलाही बसवले आहे, आणि द्विजांनी ती खाऊ नये असे बजावले आहे. कारण काय, तर ती घाणीतून उपजते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात माणसांबरोबर एका रानभाजीलाही अशी वागणूक मिळाली होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आज मोठ्या हॉटेलांत तिच्याच जातकुळीतली भाजी शेकडो रुपयांना ताटलीत येते आणि खाणारे तिची जन्मकथा विचारत नाहीत.

घाणीतून उपजते हे खरेच आहे, आणि तिची सारी थोरवी त्यातच आहे. आपण जिला छत्री म्हणतो ते नुसते फळ. आंबा म्हणजे आंब्याचे झाड नव्हे, तशी छत्री म्हणजे सबंध बुरशी नव्हे. खरा जीव मातीत किंवा लाकडाच्या पोटात असतो. केसाहून बारीक, पांढऱ्या तंतूंचे जाळे. कुजलेला पाचोळा उचलून पाहा, खाली कोळिष्टकासारखे पांढरे दिसेल, तेच ते. हे जाळे मेलेल्या झाडाला पचवते. लाकडाला जो कठीणपणा देतो तो भाग पचवणे भल्याभल्या जिवांना जमत नाही, बुरशीला जमते. ती नसती तर रानात पडलेला प्रत्येक ओंडका तिथेच साचत गेला असता आणि नव्या रोपाला ना जागा मिळाली असती ना खत. जिवंत झाडांशीही तिचा व्यवहार आहे. बहुतेक झाडांच्या मुळांशी बुरशीचे तंतू जोडलेले असतात. ते दूरवरून पाणी आणि स्फुरद आणून देतात, झाड त्याबदल्यात पानांत तयार झालेली साखर देते.

शाळेत आमच्या वेळी बुरशी वनस्पतींच्या धड्यात शिकवत. पण १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच मोठी घराणी मांडली आणि त्यात बुरशीला स्वतःचे घर दिले. ती हिरवी नसते, उन्हावर अन्न शिजवत नाही. तिच्या पेशींच्या भिंतीत जो पदार्थ असतो तोच खेकड्याच्या आणि झिंग्याच्या कवचात असतो. नात्यागोत्याचा हिशेब लावला तर ती झाडापेक्षा आपल्याला, म्हणजे प्राण्यांना, जवळची आहे. आजपर्यंत जगात तिच्या सुमारे दीड लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि न नोंदलेल्या त्याच्या कितीतरी पट असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत, जी १९४६ साली सुरू झाली, बुरश्यांचा मोठा संग्रह जपून ठेवला आहे.

आता दर्शनाकडे वळू. गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या दहाबारा मुलांना घेऊन आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. मुलांना बिबट्या पाहायचा होता. बिबट्या काही दिसला नाही, तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की मान वर करू नका, खाली घाला. पहिली दहा मिनिटे कुरकुर झाली. नंतर एकेकाला सापडू लागले आणि मग आरडाओरडा आवरेना.

एका पडक्या फांदीवर बोटाच्या पेरात मावतील अशा वाट्या होत्या आणि प्रत्येक वाटीत चपटी, करडी अंडी. हुबेहूब चिमणीचे घरटे, फक्त मुंगीच्या मापाचे. ही अंडी म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. वाटीचा आकार असा नेमका की पावसाचा टपोरा थेंब आत पडला की त्याच्याच धक्क्याने अंडे हातभर, कधी त्याहूनही लांब उडते. बुरशीला पाय नाहीत, पंख नाहीत. तिने पावसालाच कामाला लावले. पुढे जमिनीवर चांदणी पसरलेली दिसली. मधोमध कागदी फुगा, भोवती पाचसहा पाकळ्या. थेंब फुग्यावर पडला की वरच्या छिद्रातून तपकिरी धूर निघतो. मुलांनी काडीने टिचक्या मारून धूर काढायचा खेळच सुरू केला. आम्हाला थांबवावे लागले, कारण ती पूड डोळ्यानाकात जाणे बरे नव्हे.

एका बुंध्यापाशी मातीतून काळी बोटे वर आलेली होती, मेलेल्या माणसाच्या हाताची असावीत तशी. इंग्रजीत तिचे नावही त्याच अर्थाचे आहे. एक मुलगी घाबरली. तिला आम्ही बोट लावायला सांगितले. कोळशासारखे कोरडे आणि टणक लागले तेव्हा हसली. दुसऱ्या लाकडावर माणसाच्या कानासारखे मऊ, तपकिरी कान लटकत होते. सुकले की ते चामड्यासारखे आक्रसतात, पाऊस आला की पुन्हा फुगून मऊ होतात.

सगळ्यांत साधी दिसणारी म्हणजे सुकल्या फांदीवरचे करडे-पांढरे, केसाळ, नखाएवढे पंखे. मुंबईत रस्त्याकडेच्या झाडाच्या मेल्या फांदीवरही ही सापडते, त्यासाठी रानात जायला नको. तिला उलटी करा; खालचे पापुद्रे मधून चिरलेले दिसतील. उन्हात ते मिटतात, ओलीत उघडतात. आपल्यात नर आणि मादी असे दोन प्रकार. या पंख्यात वीस हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि आपल्या प्रकाराचा सोडून बहुतेक कोणाशीही तिचे जुळते. सोयरीक जमवताना पत्रिका, पोटजात आणि गाव पाहणाऱ्यांनी या फांदीजवळ क्षणभर उभे राहावे. मणिपूरच्या बाजारात ही भाजी म्हणून विकली जाते.

बांबूच्या बनात कधी गेलात तर नाकाच्या वासाने एक गोष्ट शोधा. सडक्या मासासारखी घाण येते आणि जवळ जावे तर पांढऱ्या दांड्याभोवती विणलेला जाळीदार घागरा! लग्नातल्या झालरीला लाजवेल अशी जाळी. दुर्गंधी माशांना बोलावण्यासाठी; त्यांच्या पायांना लागून बीजाणू दूर जातात. सकाळी उमललेली ही बाई दिवस मावळेतो लोळागोळा झालेली असते. आयुष्य तेवढेच. शेणाच्या ढिगावर येणारी शाईची छत्री तर स्वतःलाच विरघळवते. कडेपासून वितळत काळी शाई ठिबकते आणि शेवटी फक्त दांडा राहतो.

आता रात्रीची गोष्ट. भीमाशंकर आणि आहुपेच्या रानात भर पावसाळ्यात, चंद्र नसताना, बॅटरी विझवून दहा मिनिटे थांबले की कुजक्या काटक्यांवर हिरवट उजेड दिसू लागतो. गोव्यात म्हादईच्या रानातही असाच उजेड देणाऱ्या छत्र्या आढळल्या आहेत. अशा उजेडाने जुनी माणसे भ्यायची. कोणी भूत म्हणे, कोणी चकवा. तो उजेड बुरशीचा आहे. काजव्यासारखाच थंड, पण काजवा लुकलुकतो आणि ही सलग तेवते. हा उजेड कोणत्या रसायनापासून आणि कोणत्या जनुकांमुळे निघतो हे शास्त्रज्ञांनी २०१८ साली सविस्तर उलगडून दाखवले. उजेड कशासाठी? ब्राझीलमधल्या एका जातीवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की रात्री तिचा उजेड वाढतो आणि त्याकडे कीटक ओढले जातात. ते तिचे बीजाणू वाहून नेत असावेत. सगळ्याच जातींना हे लागू पडते असे नाही. गवतात छत्र्यांचे नेमके गोल रिंगण उगवते, त्याचेही असेच. कोणाची करणी नाही. जाळे एका ठिकाणाहून चहूकडे सारख्या वेगाने वाढते आणि कडेला फळे धरते, म्हणून गोल.

पण कष्टकरी घरांचा खरा जिव्हाळा एकाच छत्रीशी. कोकणात ती अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भाच्या झाडीपट्टीत सात्या आणि टेकोडे. वर्षावास सुरू होतो त्याच सुमारास, आषाढ-श्रावणाच्या ओलीत, वीज-पाऊस होऊन उघडीप पडली की वारुळाभोवती ती डोके काढते. ज्या घरात महिन्यातून एखाद्या दिवशी मटण शिजायचे, त्या घरात अळंबीच्या कालवणाचा वास म्हणजे सण. कांदा, तिखट, थोडे वाटण, बस. कोकणातल्या आमच्या वाडीत वारूळ कोणाच्या बांधावर आहे आणि ते यंदा कधी फुटेल हे बायकांना पाठ असायचे. त्या पहाटे निघत आणि कोणाला सांगत नसत. लेकीला मात्र सांगत.

या अळंबीचे शेतकरी कोण? वाळवी. घरातल्या चौकटी पोखरते म्हणून आपण जिला शिव्या घालतो, तिच्यातल्या काही जाती वारुळात चक्क शेती करतात. त्या लाकूड, पाचोळा, गवत खाऊन आणतात. ते अर्धवट पचलेले बाहेर टाकून त्याचे मधाच्या पोळ्यासारखे छिद्रांचे गोळे रचतात आणि त्यावर बुरशी वाढवतात. बुरशी त्या लाकडाचे पचेल असे अन्न करते आणि पोळ्यावर खसखशीसारखे पांढरे दाणे धरते. ते वाळव्या खातात. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. माणसाची जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. वाळव्या ही बाग दुसऱ्या बुरश्यांपासून राखतात, सतत निंदणी-खुरपणी चालते. वारूळ ओस पडले, की तण माजावे तशी तिथे मघाशी सांगितलेल्या काळ्या बोटांची जातभाई उगवते. जाणत्या माणसाला ती पाहूनच कळते की आतले घर मेले.

अळंबी उपटताना दांड्याचे मूळ खोल खोल जाताना दिसते ते याचसाठी. ती जमिनीखालच्या त्या पोळ्यापासून निघालेली असते आणि कठीण माती भेदून वर येते. तिच्या टोपीच्या मध्याला भाल्यासारखे टोक असते ते माती फोडायला. आफ्रिकेत झांबियात हिचीच एक बहीण आहे, तिची टोपी मीटरभर रुंद होऊ शकते. एकीच्या आडोशाला लहान पोर भिजणार नाही. बाजारात मिळणारी बटण आणि धिंगरी ही मळ्यात, पेंढ्यावर पिकवता येते, बचत गटांनी तो धंदाही केला आहे. अळंबीची अशी लागवड मात्र माणसाला आजवर परवडेल अशी साधलेली नाही. ती वाळवीलाच साधते. म्हणून वारूळ खणून काढणे, उमलायच्या आधीच सगळे कोंब उपटणे, हे आपल्याच पुढच्या पावसाळ्याच्या ताटात माती कालवण्यासारखे आहे. जुन्या बायका थोड्या छत्र्या उमलून म्हाताऱ्या व्हायला ठेवत. का, ते त्यांना कोणी पुस्तकातून सांगितले नव्हते.

पाली साहित्यातही या छत्रीची सावली पडलेली आहे. पावा नगरीत चुंद लोहाराने भगवान बुद्धांना जे अखेरचे भोजन दिले त्यात ‘सूकरमद्दव’ नावाचा पदार्थ होता. हा शब्द म्हणजे नेमके काय याची चर्चा जुन्या अट्ठकथाकारांपासून चालू आहे. कोणी डुकराचे कोवळे मांस म्हणतात, कोणी बांबूचे कोंब, तर धम्मपालांच्या अट्ठकथेत आणखी एक मत नोंदवले आहे ते डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवणाऱ्या अहिच्छत्तकाचे, म्हणजे सापाच्या छत्रीचे. आम्ही त्या वादात निवाडा देणार नाही. आम्हाला आठवते ते एवढेच, की आजारी अवस्थेतही तथागतांनी आनंदाला बजावले की चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला टोचणी लागू देऊ नये.

चुंदाची आठवण झाली कारण दरवर्षी पावसाळ्यात कुठे ना कुठे छत्री खाऊन कुटुंबे दगावल्याची बातमी येते. रांधणारी आईच असते आणि प्रेमानेच रांधलेले असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात थोड्याच दिवसांत दहाहून अधिक माणसे रानछत्री खाऊन मेली. त्यांतली बहुतेक चहामळ्यांतल्या मजुरांच्या घरची. कष्टकऱ्याच्या घरी हे अधिक का घडते? कारण भाजी महाग आणि छत्री फुकट. दुसरे कारण आम्हाला अधिक खुपते. गाव सुटले, वारूळ सुटले, ओळख पटवणारी आजी गावी राहिली. पोरे शहरात किंवा परमुलुखातल्या कारखान्याच्या आवारात आली आणि तिथे उगवलेली छत्री गावच्यासारखी दिसली म्हणून घरी आणली. ओळख एका मातीतली, छत्री दुसऱ्या मातीतली.

म्हणून काही समजुती आज मोडून टाकू. चांदीचा रुपया किंवा चमचा काळा पडला तर विषारी, नाहीतर चांगली, हे साफ खोटे आहे. लसूण काळी पडण्याचेही तसेच. किडीने, गोगलगायीने खाल्लेली म्हणजे माणसाला चालते, हेही खोटे. त्यांचे पोट वेगळे. उकळून पाणी फेकले, हळद-मीठ लावले, वाळवले की विष उतरते, ही समजूत तर जीवघेणी आहे. अमानिटा नावाच्या कुळातल्या काही छत्र्यांचे विष शिजवून, तळून, वाळवून काहीही होत नाही. दिसायला ती देखणी असते. कितीदा शुभ्र, दांड्यावर झालर, बुडाशी मातीत दडलेली पिशवी. चवीलाही वाईट नाही असे वाचलेले रोगी सांगतात. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही उशिरापर्यंत, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस बरे वाटते आणि घरचे म्हणतात, टळले. त्याच दिवसांत यकृत निकामी होत असते.

तेव्हा छत्री खाल्ल्यानंतर पोटात कळ आली तर गावठी औषध नको, भगत नको, उद्या बघू नको. त्याच घटकेला सरकारी दवाखाना गाठा, जेवलेल्या सगळ्यांनाच न्या, आणि उरलेली छत्री किंवा भाजी कागदात बांधून डॉक्टरांना दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती लगेच सडते. बरे वाटले म्हणून दवाखान्यातून उठून येऊ नका. आणि मुळात, जी छत्री आपल्या घरच्या जाणत्या माणसाने त्याच गावात, त्याच जागी वर्षानुवर्षे काढली आहे तेवढीच खावी. बाकीच्या पाहाव्यात.

पाहण्याजोगी नसलेलीही एक आहे, जिचे ऋण आपल्यातल्या पुष्कळांच्या अंगावर असेल. शिळ्या भाकरीवर, लिंबावर जी हिरवी-निळी बुरशी चढते तिच्या कुळातल्या एकीवरून लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा माग लागला. आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ पासून ते बनू लागले. उलट २०२१ साली करोनाच्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे आणि जबडे गेले. घराण्यात सगळ्याच वळणाची माणसे असतात.

सुट्टीच्या दिवशी मुलांना करायला एक खेळ देतो. मैदानातली किंवा रस्त्याकडेची एक ताजी, पूर्ण उघडलेली छत्री घ्या. राष्ट्रीय उद्यानातली नको, तिथे काही तोडायला बंदी आहे. दांडा काढून टाका. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद शेजारी-शेजारी ठेवा आणि टोपी दोन्हींवर येईल अशी पालथी न करता, जशी उगवते तशी ठेवा. वर एक जुनी वाटी झाका. ती पुन्हा स्वयंपाकात नको. हात साबणाने धुवा. सकाळी वाटी अलगद उचलली की कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखे नक्षीकाम उमटलेले असेल. लाखो बीजाणू रात्रभर पापुद्र्यांतून गळून पडलेले असतात. कोणाची नक्षी तपकिरी येते, कोणाची काळी, कोणाची गुलाबीसर. मैदानातल्या मोठ्या पांढऱ्या छत्रीची नक्षी हिरवट आली तर ती हिरव्या पुडीची विषारी छत्री. हिरवळीवर सर्रास उगवते आणि खाणाऱ्याला दोन-तीन तासांत ओकाऱ्यांनी आडवे करते. पांढरी नक्षी आली म्हणून मात्र कोणी चुलीकडे जाऊ नये. अमानिटाची नक्षीही पांढरीच येते.